ग्रँटच्या पैशावर न चाललेली बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. आधीच सांगून ठेवते, मला कोणाची कीव नको. आमच्या बेटावरच्या आमानावे गावाच्या टोकाला, नीरफणसाच्या झाडाखाली मी उभी असते. येणारे-जाणारे माझ्याकडे पाहून चुकचुकतात. "काय गाडी होती!" असे म्हणतात. होती म्हणजे काय? अजून आहे! चाके नाहीत, इंजिन नाही, समुद्राच्या वाऱ्याने पत्रा पार खाऊन टाकला आहे, हे मलाही दिसते. पण मी का थांबले ते ज्याला ठाऊक नाही, त्याने माझ्यापुढे चुकचुकू नये. ते ठाऊक व्हावे म्हणूनच आज तोंड उघडते आहे.

माझे इंजिन आणि चाके एका छोट्या मालट्रकची. तो ट्रक जहाजातून पागो पागो बंदराच्या धक्क्यावर उतरला. बाकी सगळी मी इथलीच. फालेनिकोने तो ट्रक घेतला आणि याच झाडाखाली त्याच्यावर लाकडी घर चढवले. त्याचा थोरला भाऊ इओसेफो मदतीला होता, म्हणजे फळीवर बसून हुकूम सोडत होता. इओसेफो घराण्याचा मताई, प्रमुख माणूस. त्याचा आवाज असा खणखणीत की पलीकडच्या गावातली डुकरेसुद्धा मान वर करून बघत.

"आखूड कापलंस! मी सांगत होतो, आखूड होईल."

"दादा, अजून कापलंच नाहीये."

"मग कापशील तेव्हा आखूड कापू नकोस!"

अशी मी तयार झाले. बाके लाकडाची, खिडक्या सरकत्या, रंग हिरवा आणि पिवळा. फालेनिकोची बायको टोगी हिने माझ्या कपाळावर लाल अक्षरांत नाव रंगवले, "ले फेफे". म्हणजे न भिणारी. नाव ठेवताना तिने फार विचार केला नसेल, पण मी मात्र ते मनावर घेतले.

मित्रांनो, माझे कामाचे दिवस तुम्ही पाहायला हवे होते. पहाटे मासळीच्या कारखान्यातल्या बाया पांढरी टोपी हातात घेऊन चढायच्या, मग शाळेची मुले, मग बाजारात तारोचे कंद विकायला निघालेले म्हातारे. गाणी इतक्या मोठ्याने लागायची की माझे छप्पर थरथरायचे. उतरायचे असले की लोक छपरावर टकटक करायचे आणि उतरताना फालेनिकोच्या हातात भाडे ठेवायचे. कोणी म्हातारे माणूस चढले की तरुण पोरे आपोआप मागे सरकायची. जागा संपली की एकमेकांच्या मांडीवर बसायची. कोणी कधी मागे राहिले नाही. रविवारी सगळे बेट चर्चमध्ये असायचे, तेवढी मला सुट्टी. घाटाच्या वळणावर दुसऱ्या बसवाल्यांची दमछाक व्हायची तेव्हा मी गाणे म्हणत पुढे निघून जायचे. मी गर्विष्ठ होते, आणि आहे.

लेपेका आजी माझी कायमची प्रवासी. तिला कुठे जायचे असायचे कोण जाणे, पण हातात केवड्याच्या पानांच्या पट्ट्या आणि मांडीवर अर्धवट चटई घेऊन ती खिडकीशी बसायची आणि विणत राहायची. ही चटई जमिनीवर अंथरायची नव्हे. रेशमासारखी मऊ, लग्नाला, मरणाला, घराण्याच्या मोठ्या कामाला द्यायची. विणायला महिनेच्या महिने लागतात. एकदा एका पोराने सहज विचारले, "आजी, झाली का चटई?"

आजीने पट्टीचे टोक त्याच्या गुडघ्यावर मारले. "शेवटची गाठ बसेपर्यंत चटईचं नाव काढायचं नाही. तुझ्या आईनं शिकवलं नाही वाटतं?"

सगळी बस हसली. हा प्रसंग लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

फालेनिको आणि टोगीची मुलगी पेनिना माझ्यातच वाढली. वडिलांच्या मागच्या बाकावर ती झोपली, जेवली, पाढे म्हणाली. तिला शिक्षिका व्हायचे होते. लहान असताना ती रिकाम्या बाकांना शिकवायची आणि बाके ऐकत नाहीत म्हणून त्यांना छडी मारायची. पुढे ती बेटावरच्या कॉलेजात गेली आणि घरात पहिल्यांदा ग्रँटचे, म्हणजे शिकायला मिळणाऱ्या सरकारी पैशाचे, नाव निघाले.

कॉलेजच्या ग्रँट ऑफिसात काम करणारी सालोते लेओने गावाहून माझ्यात चढायची आणि पुढच्याच बाकावर बसायची. फालेनिकोने गिअर बदलता बदलता तिला विचारले, "सालोते, सरकार पैसे देतंय म्हणतात. हातात देतंय की बँकेत?"

"आधी कॉलेजला देतंय. कॉलेज आपली फी कापून घेतं. उरलं त्याचा पेनिनाच्या नावाने चेक."

"म्हणजे मधल्या मधे खाणारे आलेच!"

"फी आहे ती, खाणं नाही. आणि चेक पहिल्या दिवशी मिळत नाही. पोरगी वर्गात येतेय असं शिक्षकांनी कळवायला लागतं. नाही आली तर चेकचं तोंड दिसायचं नाही."

"आणि चेक घेऊन मग कॉलेज सोडलं तर?" मागून कोणीतरी विचारले. माझ्यात खाजगी बोलणे असे काही नव्हतेच.

"तर न कमावलेला भाग परत द्यायचा. हा पैसा रोज थोडा थोडा कमवायचा असतो, वर्गात बसून. सत्र अर्ध्याच्या बरंच पुढे गेलं, की मग तो पूर्ण तिचा."

"नुसतं बसून पैसे मिळतात?" मागचा जाडा माणूस म्हणाला. "मग मी पण बसतो की! मला जमेल ते."

"तुला बसायला जमेल, उठायला जमणार नाही," लेपेका आजी म्हणाली.

पहिला चेक आला तेव्हा पेनिनाने पुस्तके घेतली, एक जुना कॉम्प्युटर घेतला, आणि संध्याकाळी उतरताना वडिलांच्या हातात भाडे ठेवले. फालेनिको तिच्याकडे बघतच राहिला.

"हे काय? स्वतःच्या बापाच्या बसमध्ये भाडं?"

"ग्रँटमध्ये येण्या-जाण्याचा खर्च धरलाय, बाबा. फी, पुस्तकं, खाणं, राहणं आणि प्रवास. घ्या."

"तुझी आई ऐकेल तर मला घराबाहेर काढेल."

"आईनंच सांगितलंय. उरलेली मोड पण मागून घे, म्हणाली."

तो हसला, पण ते भाडे त्याने वेगळ्या डबीत ठेवले. ती डबी बरीच वर्षे माझ्या काचेखाली होती. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

दुसऱ्या वर्षी इओसेफोने घराण्याचे नवे पाहुणेघर बांधायला काढले. खांबांचे, उघडे, मोठे. त्याचा गृहप्रवेश म्हणजे सगळ्या बेटाला जेवण, सुतारांना मान, पाहुण्यांना चटया आणि माशांच्या डब्यांचे खोके. प्रत्येक घराने आपला वाटा द्यायचा आणि तो वाटा चारचौघांत मोठ्याने पुकारला जायचा. आमच्याकडे पुकारले की दिले. मागे फिरणे नाही. पुकारायचे काम अर्थातच इओसेफोचे होते.

एका रविवारी चर्च झाले, जेवण झाले, आणि सगळे घराणे माझ्या शेजारच्या हिरवळीवर जमले. मी झाडाखाली आरामात ऐकत होते. इओसेफो उभा राहिला. अमक्याकडून एवढे डॉलर, तमक्याकडून एवढ्या चटया. लोक "मालो! मालो!" म्हणून शाबासकी देत होते. पेनिना म्हाताऱ्यांना कोको वाढत होती. तेवढ्यात इओसेफोने छाती भरून हाक दिली.

"फालेनिकोची मुलगी पेनिना! कॉलेजात शिकते! सरकार तिला पैसे पाठवतं! एक हजार डॉलर!"

"मालो!" सगळे ओरडले.

पेनिना कोकोचा ट्रे घेऊन तिथेच थांबली. या सत्राचा चेक अजून आलाच नव्हता. तिला कोणी विचारलेही नव्हते. मित्रांनो, इओसेफो दुष्ट नव्हता. उलट त्या दिवशी त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. आमच्या घराण्यात एका मुलीच्या नावाने एवढी मोठी रक्कम आजवर पुकारली गेली नव्हती आणि आपण तिचा मान वाढवला, असेच त्याला वाटत होते. सरकारचा पैसा दर सत्राला येतो, तसा याही सत्राला येणार, मग पुकारायला काय हरकत, एवढा सरळ हिशेब त्याने केला होता. मला मात्र त्याचा असा संताप आला की इंजिन गरम असते तर वाफ निघाली असती.

पेनिनाने ट्रे ठेवला, माझे दार उघडले आणि आपल्या जुन्या बाकावर येऊन बसली. ती रडली. बाहेर तिच्या नावाने टाळ्या वाजत होत्या आणि आत ती तोंडावर हात दाबून रडत होती.

संकटे एकटी येत नाहीत असे म्हणायची मला सवय नाही, कारण हे संकट मीच होते. त्याच आठवड्यात घाटाच्या वळणावर माझा गिअरबॉक्स गेला. लोकांनी उतरून मला ढकलत गावात आणले. फालेनिकोने मला या झाडाखाली उभे केले, बोनेट उघडले, आत बघितले आणि बंद केले. नवा गिअरबॉक्स होनोलुलूहून मागवायचा तर बराच पैसा हवा होता. घरात तेवढा कुठेच नव्हता. एकच चेक येणार होता आणि त्याच्याकडे आता दोन हात पसरले होते. एक इओसेफोचा, आणि दुसरा माझा.

काही दिवसांनी एका दुपारी फालेनिको माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. पेनिना आली आणि मागे बसली.

"मी मागत नाहीये," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"फक्त म्हणतोय. ही चालली तर तू कॉलेजला जाशील. म्हणजे हा प्रवासखर्चच झाला की. तूच मला सांगितलं होतंस ना, प्रवास त्यात धरलाय?"

"प्रवास म्हणजे भाडं, बाबा. अख्खी गाडी नाही. सालोतेमावशीला मी विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चेक हातात आला की मागून कोणी तपासायला येत नाही. पण तो शिकायला आणि शिकताना जगायला दिलाय. कॉम्प्युटर बंद पडलाय माझा, बाबा. निबंध कॉलेजात बसून टाइप करते आणि शेवटची बस चुकते. दुपारचं जेवण सोडलंय मी. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं."

फालेनिकोने स्टिअरिंगवरचा हात काढला. मग म्हणाला, "आणि ही? ही इथंच सडू दे?"

पेनिनाने माझ्या बाकावर हात फिरवला. "हिला राग येईल का हो?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर मी सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले असते. राग? मला जगायचे होते, खोटे कशाला बोलू! मला पुन्हा घाट चढायचा होता, छपरावरची टकटक ऐकायची होती. पण त्या पोरीच्या दुपारच्या जेवणावर? तिच्या पुस्तकांवर? ज्या बाकावर ती पाढे शिकली, त्या बाकासाठी तिने कॉलेज सोडायचे? नाही! मला न भिणारी म्हणतात. भंगार होण्याला मी भीत नव्हते. मी चालणार नाही, पण त्या पैशावर तर मुळीच चालणार नाही, असे मी मनाशी ठरवले. माझ्या ठरवण्याला कोण विचारते, हेही मला ठाऊक होते. तरी मी ठरवले.

"तिला राग येणार नाही," फालेनिको अखेर म्हणाला. "बांधली मीच आहे ना तिला. मला कळतं."

एक हात मागे झाला. दुसरा राहिला होता.

चेक आला त्याच आठवड्यात वाटे हातात द्यायचा दिवस ठरला. म्हातारी मंडळी जुन्या पाहुणेघरात आपापल्या खांबाला टेकून, मांडी घालून बसली. ते घर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि भिंती नाहीत, त्यामुळे मला सगळे दिसत होते. एकेक जण येई, पाकीट किंवा चटई पुढे ठेवी. पेनिना आली. हात रिकामे. ती मागे, जिथे मताईचा मान नसलेल्या माणसांनी बसायचे, तिथे मांडी घालून बसली. उभे राहून थोरांशी बोलत नाहीत, तेवढा मान तिने राखला. पण बोलली.

"मोठे काका, मी तो पैसा देणार नाही."

कोणीतरी "गप्प बस, पोरी" म्हणाले. टोगीने मान खाली घातली. फालेनिकोने घातली नाही.

इओसेफोचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी तुझं नाव सगळ्या गावासमोर पुकारलंय. आता मी कोणाला तोंड दाखवू? तू मला खोटा पाडतेस?"

"मोठे काका, एक विचारू? लेपेका आजीची चटई तुम्ही त्या रविवारी पुकारलीत का?"

"ती कुठे झालीय अजून!"

"अर्धी झालीय की. सगळ्यांनी पाहिलीय."

"अर्धी चटई कोण पुकारतं? वेड लागलंय का तुला?"

"मग माझी का पुकारलीत?"

इओसेफोने लेपेका आजीकडे पाहिले.

"हा पैसा सरकारने फेकलेला नाही," पेनिना म्हणाली. "रोज वर्गात बसून तो थोडा थोडा माझा होतो. आत्ता तो अर्धासुद्धा विणून झालेला नाही. आज तो दिला तर पुस्तकांना, जेवणाला, भाड्याला काही उरणार नाही, मला कॉलेज सोडावं लागेल, आणि सोडलं की सरकार तो परत मागेल. मधेच ओढलीत तर चटई सुटते, काका. मग तुमच्याही हाताशी काही नाही, माझ्याही नाही."

मग एका खांबापाशी फस्सकन आवाज झाला. लेपेका आजी हसत होती. ती जमिनीवर थापा मारून मारून हसली.

"इओसेफो, तुला मी पट्टीने मारायला हवं होतं, त्या पोराऐवजी!"

"आजी, तुम्ही गप्प बसा," इओसेफो म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. मग तो पेनिनाकडे वळला. "मग तू काय देणार आहेस? नाव तर पुकारलं गेलंय."

"माझे हात. गृहप्रवेशाला उजाडायच्या आत चुलीपाशी असेन. वर्गाच्या वेळी वर्गात जाईन. परत आले की भांड्यांपाशी. पाहुणे जाईपर्यंत."

"वर्गात जाशील? घराण्याचं काम टाकून?"

"हो. जाईन."

त्या "जाईन"मध्ये काय होते हे मी तुम्हाला कसे सांगू? माझ्या बाकांना छडी मारणारी ती पोर, घराण्याच्या सगळ्या थोरांपुढे, मान न झुकवता म्हणत होती, जाईन. माझ्या कपाळावरचे नाव त्या दिवशी तिचे झाले. मी आनंदाने ते देऊन टाकले.

ती बोलली तशी वागली. धुराने डोळे लाल झालेले, हाताला तारोचा चीक, आणि पाठीवर पुस्तकांची पिशवी, अशी ती दुसऱ्याच्या बसला धावत जायची. इओसेफोनेही पुकारलेले खोटे पडू दिले नाही. ज्यांची तो गावभर बढाई मारायचा ती आपली दोन थोरली डुकरे त्याने विकली आणि हजार डॉलर स्वतः भरले. त्याबद्दल मी त्याला मानते. पण त्यानंतर तो पेनिनाशी बोलायचा थांबला. समोरून आली तर समुद्राकडे बघायचा. त्याच्या तेवढ्या मोठ्या आवाजाचे ते गप्प राहणे तिला फार लागायचे. ती कधीकधी माझ्यात येऊन बसायची, आणि मला कळायचे, आज काका समोरून गेले.

माझे काय झाले? लोक विसरले. फालेनिको दुसऱ्याच्या बसवर ड्रायव्हर झाला. ज्या माणसाची स्वतःची बस घाटात सगळ्यांच्या पुढे असायची, तो आता मालकाला विचारून गाणी लावायचा. त्याने ते गिळले. पेनिना त्याच बसने जायची, आणि भाडे द्यायची, आणि तो आता काही न बोलता घ्यायचा. माझी चाके कोणी नेली, आरसा कोणी नेला, इंजिन भंगारवाल्याकडे गेले. पावसात कोंबड्या आत यायच्या. माझ्यावर गवत चढले, तरी मी कधी म्हटले नाही की माझे काय चुकले. माझे काहीच चुकले नव्हते.

मग तो दिवस आला. पेनिनाचा पदवीदान समारंभ होता. दुपारी रस्त्यावर बस थांबली आणि ती उतरली, तर गळ्यात फुलांच्या आणि गोळ्या-चॉकलेटच्या इतक्या माळा की तिची हनुवटी दिसत नव्हती. गाव जमले. टोगी रडत होती, फालेनिको रडत नाही असे दाखवत होता. पेनिना माझ्यापाशी आली, एक माळ काढली आणि माझ्या मोडक्या दाराला अडकवली.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली. इओसेफो आला होता. कमरेला घराण्याच्या वतीने बोलणाऱ्या मताईची ठेवणीतली चटई, हातात काठी. त्याच्या मागे लेपेका आजी, काठी न घेता. तो पेनिनाकडे बघत नव्हता. तो हिरवळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला, छाती भरून घेतली, आणि इतक्या वर्षांत ऐकला नव्हता असा आवाज काढला. समुद्रापर्यंत गेला तो.

"फालेनिकोची मुलगी पेनिना! कॉलेजात शिकली!"

लोक थांबले.

"चटई विणून झाली!"

"मालो!" सगळे गाव ओरडले. इओसेफोने काठी खाली ठेवली आणि पुतणीला जवळ घेतले. माळांमधली चॉकलेटे चुरडली गेली, तरी त्याने सोडले नाही. माझा गंजलेला पत्रा त्या आवाजाने थरथरला. पूर्वी गाणी वाजत असताना थरथरायचा, अगदी तसाच.

मित्रांनो, पेनिना आता इथल्याच शाळेत शिकवते, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही तिच्याच वर्गातले आहात आणि शाळा सुटली की माझ्या बाकांवर बसून गृहपाठ करता. तिने माझ्या खिडक्यांना पडदे लावले आहेत, गळणारे छप्पर दुरुस्त करून घेतले आहे. ते तिच्या पगारातून, ग्रँटमधून नव्हे, हे इथे स्पष्ट सांगते, नाहीतर मी ते लावू दिले नसते. इओसेफो आता म्हातारा झाला आहे. घराण्याच्या बैठकीत कोणी एखाद्या पोराच्या ग्रँटचे नाव काढले की तो काठी आपटतो आणि म्हणतो, "ती चटई अजून विणायची आहे. पुढचं नाव घ्या."

तुमच्यापैकी कोणी ना कोणी उद्या कॉलेजात जाल. तुमच्याही नावाने पैसा येईल आणि त्याच्याकडे हात पसरले जातील. ते हात परक्यांचे नसतील, तुमच्या प्रेमाच्या माणसांचे असतील, म्हणून नाही म्हणणे जड जाईल. तरी म्हणा. मान राखून म्हणा, बसून म्हणा, पण म्हणा. त्या पैशाने फी भरा, पुस्तके घ्या, पोटभर जेवा, बसचे भाडे द्या. आणि घरातले कोणी शिकत असेल, तर त्याच्या अर्ध्या विणलेल्या चटईला हात लावू नका.

आणि ती बस कोणाचीही असो, उतरताना भाडे द्यायला विसरू नका.